भरलेली नोंद परत कुणाकडे येते? साथीतल्या अ‍ॅप आणि पोर्टलांबद्दल नव्या वैद्यकीय अधिकाऱ्याला उत्तर

डॉक्टर, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळला की नाही हे तुम्हालाही दिसेल. बंधपत्रित सेवेत प्राथमिक आरोग्य केंद्रावर रुजू होऊन तुम्हाला तीन महिने झालेत. आरोग्यसेविकांचा अर्धा दिवस मोबाईलवर जातो आणि उरलेला अर्धा तेच रजिस्टरमध्ये लिहिण्यात. जुनी मंडळी सांगतात की हे सगळं कोरोनात वाढलं. तुम्ही विचारलंय की त्या वेळी या पोर्टलांचा खरंच उपयोग झाला का, पुढची साथ आली तर यातलं काय कामाला येईल, आणि शेवटी एका ओळीत, "मी माझ्या पातळीवर काही बदलू शकते का?"

मला तुमची शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटते. तंत्रज्ञान चांगलं की वाईट यावर कितीही बोलता येईल, पण तुमच्या केंद्रापुरता मुद्दा एवढाच आहे: आशाताईनं किंवा सिस्टरनं जी माहिती भरली, ती फिरून कुणाच्या तरी हातात उद्याच्या कामाची यादी म्हणून येते का? येत असेल तर ती नोंद वेळेला मोलाची आहे. वरवर जाऊन तिथेच थांबत असेल, तर ती भरणारीचा वेळ पेशंटच्या वाट्यातून काढलेला आहे. मी १९ वर्षं या खात्यात आहे, आधी केंद्रावर आणि नंतर तालुक्याला, आणि कोरोनानं मला हा एक निकष शिकवला. पुढचं सगळं त्याच्याच आधारानं लिहितो.

एक मर्यादा आधी सांगतो. माझा अनुभव डोंगरी तालुक्याचा आहे. काही वाड्यांवर आजही रेंज नाही, दोन उपकेंद्रं पावसाळ्यात तुटतात, निम्मे पेशंट बाजारच्या गावातल्या खासगी डॉक्टरांकडे जातात. तुमचं केंद्र हमरस्त्यावर असेल, डेटा ऑपरेटरची जागा भरलेली असेल, तर माझ्या काही अडचणी तुम्हाला नसतील. शहरातलं गणित तर पूर्ण वेगळं. तेव्हा जे तुमच्याकडे लागू पडेल तेवढं घ्या.

आता एप्रिल २०२१ बद्दल. प्रयोगशाळेची यादी रोज रात्री साडेदहा-अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर यायची. पीडीएफ, नावं इंग्रजीत, पुढे वय, मोबाईल नंबर, गाव. आमचा ऑपरेटर मुलगा ती एक्सेलमध्ये उतरवायचा, मी शेजारी बसून गावं वेगळी करायचो आणि सकाळी सातला ती उपकेंद्रांना जायची. एका रात्रीच्या यादीत ५२ वर्षांचे एक गृहस्थ होते. गावाचं नाव होतं, पण खुर्द की बुद्रुक ते लिहिलेलं नव्हतं. आमच्याकडे दोन्ही आहेत, मध्ये नदी. दिलेला नंबर लागत नव्हता. बुद्रुकची आशा दिवसभर त्या आडनावाची घरं हिंडली, कुणी सापडेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खुर्दच्या आशाला तिच्या शेजारणीनं सांगितलं की खालच्या आळीत एकाला चार दिवस ताप आहे. ती ऑक्सिमीटर घेऊन गेली तेव्हा ऑक्सिजन ८१ होता. १०८ बोलावली, ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्हा रुग्णालय. ते वाचले नाहीत.

त्यांचा रिपोर्ट पोर्टलवर चढलेला होता. तालुक्याच्या त्या दिवसाच्या आकड्यात ते मोजले गेले होते, आकडा अगदी बरोबर होता. पण त्यांच्या दारात जायचं काम कुणाच्या नावावर नव्हतं. ती रात्र मी विसरलेलो नाही.

त्यानंतर आम्ही एक्सेलमध्ये एक रकाना वाढवला: आशाचं नाव. स्वॅब घेतानाच विचारायचं, "तुमच्याकडे आशाताई कोण येतात?" गावाकडे आपला पिनकोड सांगता न येणारा माणूसही आशाताईचं नाव चटकन सांगतो. त्या एका रकान्यामुळे रात्रीची यादी आशानिहाय फुटायला लागली, आणि सकाळी दहाच्या आत बहुतेक घरी कुणीतरी ऑक्सिमीटर घेऊन पोचलेलं असायचं. हा रकाना कुठल्याच सरकारी पोर्टलवर नव्हता. पण मला विचाराल तर आमच्या तालुक्यातलं सगळ्यात उपयोगी 'डिजिटल तंत्रज्ञान' तेच होतं.

मोठ्या प्रमाणावर हेच मुंबईत झालं. २०२० च्या उन्हाळ्यात एका मध्यवर्ती हेल्पलाईनवर सगळ्या शहराचा भार पडत होता. पुढे महापालिकेनं २४ वॉर्डांत २४ वॉर रूम केल्या. प्रयोगशाळांचे रिपोर्ट पालिकेकडे येत, वॉर्डनिहाय वाटले जात, आणि त्या वॉर्डाचे डॉक्टर पेशंटला फोन करून घरी राहायचं की बेड लागेल ते ठरवत. बेडचा डॅशबोर्ड होताच, पण त्याला अर्थ आला तो त्याच्यापुढे बसलेल्या आणि आपल्या वॉर्डाच्या गल्ल्या माहीत असलेल्या माणसांमुळे. धारावीत तर मुख्य काम पायीच झालं: फिव्हर कॅम्प, घरोघर तपासणी, स्थानिक खासगी डॉक्टरांची मदत. यादी लहान करून ओळखीच्या माणसाच्या हातात देणं, दोन्हीकडे सूत्र हेच होतं.

याच्या उलट उदाहरण आरोग्य सेतूचं. २ एप्रिल २०२० ला ते अ‍ॅप आलं. ब्लूटूथ आणि जीपीएसवरून कोण कुणाच्या जवळ आलं ते टिपायचं, अशी कल्पना. ज्या वस्तीत दहा घरांत दोन स्मार्टफोन, तेही शाळेच्या ऑनलाईन तासासाठी पोरांच्या हातात, तिथे ब्लूटूथ काय टिपणार? आमचं कॉन्टॅक्ट ट्रेसिंग शेवटपर्यंत तोंडी चाललं: घरात कोण, दशक्रियेला कोण होतं, वडापच्या गाडीत शेजारी कोण बसलं. पुढे त्या अ‍ॅपमधली संपर्क शोधण्याची सोय बंदही झाली. शहरातल्या काही लोकांना उपयोग झाला असेल, त्यावर मी बोलत नाही.

को-विन, म्हणजे कोरोना लसीची नोंदणी करण्याचं पोर्टल, त्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. तुमच्या पिढीला त्याचं एक प्रमाणपत्र तेवढं आठवतं. त्याची चांगली आणि वाईट बाजू दोन्ही आम्ही अगदी जवळून पाहिल्या.

१६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झालं तेव्हा ते कोऱ्या पाटीवर उभं नव्हतं. लसीचा साठा आणि आयएलआरचं (लसीच्या फ्रीजचं) तापमान दाखवणारं ई-विन कोरोनाच्या आधीपासून होतं. कुठल्या कोल्ड चेन पॉइंटवर, म्हणजे लस थंड ठेवण्याच्या ठिकाणी, किती व्हायल आहेत, हे कळण्याची सवय यंत्रणेला होती, त्यावरच पुढचं उभं राहिलं. हे मुद्दाम लक्षात ठेवा. साथीत जे टिकलं ते बहुतेक आधीपासून रोज वापरात असलेलं होतं. ऐन साथीत नव्यानं उतरवलेली बरीच अ‍ॅप आम्ही पासवर्ड तयार करेपर्यंत बदलून गेली.

आता वाईट बाजू. १ मे २०२१ ला १८ ते ४४ वयोगटाला सुरुवात झाली आणि त्यांना ऑनलाईन नोंदणी, ऑनलाईन स्लॉट सक्तीचा. स्लॉट उघडला की काही सेकंदांत संपायचा. ज्यांच्याकडे वेगवान इंटरनेट, ज्यांना इंग्रजी वाचता येतं, ज्यांनी स्लॉट उघडल्याचा इशारा देणारे टेलिग्राम ग्रुप धरलेले, त्यांना मिळायचा. पहिल्याच आठवड्यात आमच्या एका केंद्राबाहेर सकाळी नऊला एमएच १२ आणि एमएच १४ च्या गाड्यांची रांग होती. तीन-साडेतीन तास प्रवास करून आलेली मुलं-मुली. आणि भिंतीला टेकून उभे होते त्याच गावचे तरुण, ज्यांच्या केंद्रावरची लस त्यांच्यासमोर संपत होती. गावकरी चिडले, सिस्टर रडकुंडीला आल्या. आलेल्या मुलांचाही दोष नव्हता, त्यांच्या शहरात त्यांना मिळत नव्हती आणि स्लॉट त्यांनी रीतसर घेतला होता. पोर्टलनं दारात येणारा कुणीही सारखाच मानला, आणि त्यामुळे दारातलेच मागे राहिले. सर्वोच्च न्यायालयानंही त्या महिन्याच्या अखेरीस याच डिजिटल दरीवर बोट ठेवलं. २४ मे च्या सुमारास सरकारी केंद्रांवर जागेवरच नोंदणी करायला परवानगी मिळाली तेव्हा कुठे श्वास घेता आला.

आमच्या वरच्या पठारावर एक धनगरवाडा आहे. तिथे रेंज नाही. आरोग्यसेविका लस घेऊन चालत वर जायची, वहीत नाव, वय, आधारचे आकडे, डोसची वेळ लिहायची, आणि संध्याकाळी खाली घाटाच्या वळणावर, जिथे दोन काड्या रेंज येते, तिथे कठड्यावर बसून एकेक नाव चढवायची. एका मोबाईल नंबरावर चारच माणसं नोंदवता यायची. मग कधी तिचा स्वतःचा नंबर, कधी नवऱ्याचा, कधी ग्रामसेवकाचा, कधी शाळेच्या गुरुजींचा. म्हणून त्या वाड्यावरच्या कित्येक आज्यांना डोस झाल्याचा मेसेज आजतागायत मिळालेला नाही, तो गुरुजींच्या फोनवर पडून आहे. एका आजीचे अंगठ्याचे ठसे झिजलेले, आधार कधी नीट निघालंच नाही. ओळखपत्र नसलेल्यांनाही लस देता येईल असा आदेश मे मध्ये आला, त्याची प्रिंट सिस्टरनं पर्समध्ये घडी करून ठेवली होती. वर कुणी विचारलं तर दाखवायला.

आणि चांगली बाजू? ती मला नोव्हेंबर २०२१ मध्ये दिसली, 'हर घर दस्तक' मोहिमेच्या वेळी. पहिला डोस घेऊन दुसऱ्याला न आलेल्यांची नावनिशी यादी को-विनवरून गावनिहाय मिळत होती. कोविशील्डचे ८४ दिवस कुणाचे उलटले ते एका नजरेत. आमच्या आशांनी ती यादी हातात धरून घरं केली. कुणी ऊसतोडीला गेलेलं, कुणाला पहिल्या डोसनंतर ताप आलेला म्हणून घाबरलेलं, एकाच्या सुनेचं बाळंतपण झालेलं. कागदाच्या रजिस्टरावरून अशी यादी काढायला आम्हाला दोन आठवडे लागले असते, आणि बाहेरगावी पहिला डोस घेतलेले तर सापडलेच नसते. तसंच डोसमधल्या अंतराचं. १३ मे ला कोविशील्डचं अंतर १२ ते १६ आठवडे झालं आणि त्यानंतर देशभर प्रत्येक केंद्रावर ते एकाच वेळी लागू झालं. पत्र निघून केंद्रापर्यंत पोचायला लागणारे दिवस वाचले. अर्थात ४५ दिवस मोजून रिक्षानं आलेल्या म्हाताऱ्यांना परत पाठवताना त्याची दुसरी बाजूही आम्हीच पाहिली.

म्हणजे एकच पोर्टल. मे मध्ये ते माणूस आणि लस यांच्यामध्ये दार बनून उभं राहिलं आणि नोव्हेंबरमध्ये त्यानंच आशाच्या हातात यादी दिली. तुमच्या मोबाईलमधल्या प्रत्येक अ‍ॅपला हाच प्रश्न विचारा: हे दार आहे की यादी?

आकड्यांबद्दल एक गोष्ट तुमच्या वयात मला कुणी सांगितली नव्हती, म्हणून सांगतो. जून २०२१ मध्ये राज्याच्या रोजच्या मृत्यूंच्या आकड्यात मोठ्या उड्या दिसायच्या. लोक घाबरायचे, लाट उतरतेय तर मृत्यू कसे वाढले? ते मृत्यू बरेचसे आधीच्या आठवड्यांतले होते. पोर्टलवर चढायचे राहिलेले, एका जिल्ह्यात दाखल होऊन दुसऱ्याच जिल्ह्याचे रहिवासी असलेले, खासगी रुग्णालयांनी उशिरा कळवलेले. ताळमेळ घातला तसे ते त्या दिवसाच्या आकड्यात येत गेले. तेव्हापासून मी माझ्या तालुक्याचा आलेख नोंद चढल्याच्या तारखेनं कधी काढत नाही. लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेनं काढतो. सोमवारी ऑपरेटर आला आणि साठलेल्या ३० नोंदी चढवल्या तर सोमवारी साथ आली असं दिसतं. लक्षणांच्या तारखेनं मांडा, तोच डोंगर चार-पाच दिवसांत पसरतो, आणि पहिला पेशंट कोण तेही कळतं. म्हणून 'लक्षण सुरू झाल्याची तारीख' हा रकाना रिकामा आला की परत पाठवा. बाकी एखादा रकाना रिकामा चालेल.

आता साथीनंतरच्या काळाकडे येतो, कारण तुमच्या सिस्टर भरतात ते मुख्यतः हे. रोग सर्वेक्षणाचे एस, पी आणि एल हे तीन फॉर्म २००४ पासून आहेत. एस आरोग्यसेविकेचा, लक्षणांवरून. पी डॉक्टरचा, संशयित निदानाचा. एल प्रयोगशाळेचा. पूर्वी ते आठवड्याला एकदा जायचे. एप्रिल २०२१ मध्ये आयएचआयपी हे रोग सर्वेक्षणाचं ऑनलाईन पोर्टल आलं आणि तेच काम गावपातळीवरून रोजचं झालं. साथीनं मागे ठेवलेलं सगळ्यात मोलाचं साधन मला हे वाटतं, आणि सगळ्यात वाईट वापर होतो तोही याचाच. रोज एस फॉर्म 'निरंक' म्हणून जातो, टक्केवारी १०० होते, आढावा बैठकीत हिरवा रंग येतो.

दोन पावसाळ्यांपूर्वी एका उपकेंद्राच्या सिस्टरनं तीन दिवसांत जुलाबाच्या ११ नोंदी टाकल्या, सगळ्या एकाच गावच्या. प्रत्येक नोंद सुटी पाहिली तर काहीच वाटलं नसतं, पावसाळ्यात जुलाब होतातच. पण त्यातल्या नऊ एकाच वस्तीच्या होत्या. आरोग्यसेवक गेला, नळाच्या पाण्याची क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट केली, रंग येईना. म्हणजे क्लोरीन पोचतच नव्हतं. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्याची जलसुरक्षकाच्या वहीत रोजची सही होती आणि त्यानं ती खरोखर टाकलेलीही होती. वस्तीकडे जाणारी पाईप ओढ्यात फुटली होती, पाणी उपसा बंद झाला की ओढ्याचं पाणी आत शिरत होतं. दुपारपर्यंत त्या वस्तीचं पाणी बंद, टँकर सुरू, घरोघर ओआरएस आणि झिंक. एकही जीव गेला नाही. हे त्या सिस्टरचं यश आहे, कारण तिनं निरंक लिहिण्याऐवजी ११ वेळा फॉर्म भरला. मी मासिक सभेत तो नकाशा ए-फोर कागदावर काढून सगळ्यांसमोर तिच्या हातात दिला. त्यानंतर बाकीच्या उपकेंद्रांचे निरंक कमी झाले, कुणाला मेमो द्यावा लागला नाही.

मात्र पोर्टल आपणहून इशारा देईल या भरवशावर राहू नका. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये गुलियन बारी या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांना आधी खटकलं की एवढ्या थोड्या दिवसांत इतके पेशंट कसे. त्यांनी कळवलं, नमुने राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे गेले, पत्ते मांडले तेव्हा सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या पट्ट्यातलं पाणी संशयात आलं. आधी माणसाला खटकावं लागतं. म्हणून मी आजही दर सोमवारी बाजारच्या गावातल्या तीन खासगी डॉक्टरांना आणि एका मेडिकलवाल्याला फोन करतो. डॉक्टरांना विचारतो, "या आठवड्यात वेगळं काही?" मेडिकलवाल्याला विचारतो, ओआरएसची पाकिटं आणि तापाचं सिरप नेहमीपेक्षा जास्त गेलं का. दहा मिनिटांचं काम, आणि त्यांच्याकडची माहिती पी फॉर्ममध्ये कधीच येत नाही.

क्षयरोगाचं निक्षय पोर्टल मला आवडतं. ते २०१२ पासून आहे, कोरोनाच्या कितीतरी आधी. देशात २०१९ मध्ये सुमारे २४ लाख रुग्ण नोंदवले गेले, २०२० मध्ये १८ लाख. क्षय कमी झाला नव्हता, लोक तपासणीला आले नव्हते. ही तफावत डोळ्यांसमोर होती म्हणून शोधमोहिमा लावता आल्या. पुढची साथ आली की तुमच्या केंद्रात हेच पाहायचं: साथीच्या आकड्यांखाली बाळांचं लसीकरण, रक्तदाबाच्या गोळ्या, क्षयाचे थुंकी नमुने किती घसरले.

टेलिमेडिसिनवर थोडक्यात. एप्रिल २०२० मध्ये ई-संजीवनीची घरबसल्या ओपीडी सुरू झाली तेव्हा दवाखाने बंद असलेल्या काळात तिचा खरा आधार होता. आज उपकेंद्रावरून समुदाय आरोग्य अधिकारी त्वचारोग किंवा मानसिक आजाराच्या पेशंटसाठी तज्ज्ञांना जोडून देतो, तेव्हाही ती फार कामाची आहे. पण रोज इतके कॉल झालेच पाहिजेत असं उद्दिष्ट आलं की सर्दीचे कॉल लागतात आणि आकडा भरतो.

आभाबद्दल लोकांचा एक गैरसमज तुम्हालाच दूर करावा लागेल. आभा म्हणजे १४ अंकी आरोग्य ओळख क्रमांक. पाच लाखांचे उपचार मिळतात ते आयुष्मान कार्ड वेगळं. आमच्याकडे एक जण वडिलांच्या ऑपरेशनला आभाचा कागद घेऊन गेला आणि परत आला. शिबिरात घाईनं कार्ड काढताना हे दोन मिनिटं समजावून सांगितलं असतं तर त्या कुटुंबाचा तो दिवस वाया गेला नसता. आणि आभा काढणं ऐच्छिक आहे, हेही सिस्टरना सांगून ठेवा.

एक गोष्ट मला अजून टोचते. २०२० मध्ये पॉझिटिव्ह पेशंटची नावं-पत्त्यांची यादी आमच्या कामाच्या ग्रुपवरून कुणीतरी गावच्या ग्रुपवर पुढे पाठवली. तासाभरात गावभर. त्यातल्या एका घरचं दूध आठ दिवस डेअरीनं घेतलं नाही. चार म्हशींचं दूध त्या बाईनं ओतून दिलं. ताप सगळ्यांचा उतरला होता, पण त्या घरातल्या कुणी पुढे स्वॅब दिला नाही, आणि शेजारच्या दोन घरांनीही नाही. यादी फुटली की लोक लपवायला लागतात, आणि मग कुठलंही पोर्टल तुम्हाला काही दाखवू शकत नाही. जून २०२३ मध्ये लस घेतलेल्यांचे तपशील टेलिग्रामवर दिसत असल्याच्या बातम्या आल्या, अटकही झाली, त्या मोठ्या पातळीवरच्या गोष्टी आपल्या हातात नाहीत. पण आपल्या ग्रुपवर काय टाकायचं ते आहे. आमच्याकडे आता पूर्ण यादी ग्रुपवर जात नाही. ज्या आशाचं जे घर, तेवढंच नाव तिला फोनवर सांगितलं जातं.

आता तुमच्या पातळीवर काय करता येईल ते. सरकारी नोंदी तुम्ही बंद करू शकत नाही, त्याचा प्रयत्नही करू नका, सिस्टर अडचणीत येतील. पण एका दुपारी सगळ्या सिस्टरना आणि गटप्रवर्तकांना बसवा, केंद्रात भरल्या जाणाऱ्या प्रत्येक रजिस्टरचं आणि अ‍ॅपचं नाव फळ्यावर लिहा, आणि प्रत्येकासमोर विचारा की हे परत कुणाकडे येतं. लसीकरणाची ड्यू लिस्ट, म्हणजे लस बाकी असलेल्यांची यादी, परत येते. जोखमीच्या मातांची यादी परत येते. निक्षय येतं. जे परत येतं ते रोजच्या रोज आणि बिनचूक भरायचं. जे येत नाही, ते आठवड्यातून एकदा ऑपरेटरला बसवून. तीच माहिती तीन ठिकाणी जात असेल तर नेमके रकाने दाखवून तालुक्याला लेखी कळवा. "काम जास्त आहे" या तक्रारीला उत्तर मिळत नाही, "हे नऊ रकाने तीनदा भरतो" याला कधीकधी मिळतं. २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट म्हणून सरकारी मोबाईल परत केले आणि अ‍ॅप मराठीत हवं असं ठणकावून सांगितलं, तेव्हा लोकांना ते कामचुकारपणाचं वाटलं. मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. ज्या भाषेत ती विचार करते त्या भाषेत फॉर्म नसेल, तर ती ऑप्शन अंदाजानं दाबणार आणि तो अंदाज तुमच्या आलेखात जाणार.

मासिक सभेत आकडे वाचून दाखवू नका. एकच आलेख किंवा एकच नकाशा छापा, ज्यांनी माहिती भरली त्यांना दाखवा आणि त्यांनाच विचारा की इथे असं का झालं असेल. पहिले सहा महिने फक्त जुलाब आणि ताप घ्या, सगळे रोग एकदम नकोत. वहीची लाज बाळगू नका. रेंज नसलेल्या वाडीत वहीच पहिली नोंद असते, फक्त वहीत आणि मोबाईलमध्ये रकाने एकाच क्रमानं ठेवा, म्हणजे चढवताना चूक होत नाही.

आणि हे सगळं करायच्या आधी, आजच, तुमच्या केंद्राखालच्या गावांची यादी काढून पाहा. त्यात खुर्द-बुद्रुक अशी जोडगावं असतील, किंवा एकाच नावाच्या दोन वाड्या, तर प्रत्येकीपुढे तिथल्या आशाताईचं नाव आणि फोन नंबर लिहून तो कागद स्वॅब घेणाऱ्या टेबलावर चिकटवा.